अपूर्णांकांची बेरीज आणि न्याहाळकातील भगदाड

महाजालावरील एखादे पान उघडले की पडद्यावर अक्षरे उमटतात, चित्रे दिसतात, कधी आवाजही ऐकू येतो. हे सर्व घडवून आणणाऱ्या आज्ञावलीला न्याहाळक किंवा ब्राउझर म्हणतात. क्रोम, फायरफॉक्स, एज, सफारी ही त्यांची परिचित नावे. न्याहाळकाचे काम तसे जोखमीचे आहे. दिवसभर अनोळखी लोकांनी पाठवलेली पार्सले उघडायची, आतला माल नीट मांडायचा आणि घरातल्या कोणत्याही वस्तूला धक्का लागू द्यायचा नाही, अशी त्याची नोकरी आहे.

विद्यार्थी कधी कधी विचारतात, “सर, नुसते चित्र पाहिल्याने संगणकाला काही होऊ शकते का?” वरवर पाहता उत्तर ‘नाही’ असे आहे. चित्र ही माहिती आहे, ती आज्ञा नव्हे. भिंतीवरच्या कॅलेंडरातला वाघ जसा चावत नाही तसे चित्रही संगणकाला काही करू शकत नाही. पण चित्र उघडून दाखवणाऱ्या आज्ञावलीतच चूक असेल तर हे उत्तर बदलते. सप्टेंबर २०२३ मध्ये नेमके असेच एक प्रकरण उघडकीस आले. त्याच्या मुळाशी आठवीच्या विद्यार्थ्यालाही समजेल अशी अपूर्णांकांची बेरीज होती. ही चूक काय होती, ती कशी दुरुस्त झाली आणि मलकापूरसारख्या गावातल्या शाळेच्या संगणक कक्षात आपण काय करायला हवे, हे या लेखात पाहू.

काय घडले?

कॅनडातील टोरांटो विद्यापीठात सिटिझन लॅब नावाचा संशोधनगट आहे. सप्टेंबर २०२३ च्या सुमारास या गटाला वॉशिंग्टनमधील एका स्वयंसेवी संस्थेच्या कर्मचाऱ्याच्या आयफोनमध्ये हेरगिरीची आज्ञावली सापडली. एनएसओ ग्रुप या इस्रायली कंपनीची ती ‘पेगासस’. फोनच्या मालकाने कोणत्याही दुव्यावर बोट ठेवलेले नव्हते. त्याच्याकडे आलेल्या संदेशातील चित्र फोनने आपणहून उघडले आणि घात झाला. ॲपल कंपनीने ७ सप्टेंबरला आपल्या फोनसाठी दुरुस्ती दिली.

त्याच्या आदल्या दिवशी, ६ सप्टेंबरला, ॲपलच्या सुरक्षा विभागाने आणि सिटिझन लॅबने गुगललाही एका दोषाची खबर दिली होती. हा दोष ‘वेबपी’ या प्रकारची चित्रे उलगडणाऱ्या आज्ञासंचात होता. अभ्यासकांनी पुढे दोन्ही घटना एकाच मुळाशी जोडल्या. गुगलने ११ सप्टेंबरला क्रोमची दुरुस्त आवृत्ती काढली आणि या दोषाचा प्रत्यक्ष गैरवापर होत असल्याचेही सांगितले. दुसऱ्या दिवशी फायरफॉक्सची दुरुस्ती आली. दोषाला सीव्हीई-२०२३-४८६३ हा क्रमांक मिळाला. जगभरात सापडणाऱ्या अशा दोषांची नोंदवही असते आणि प्रत्येकाला त्यात एक क्रमांक मिळतो. आपल्या देशात असे इशारे प्रसिद्ध करण्याचे काम २००४ पासून ‘सर्ट-इन’ ही केंद्र सरकारची संस्था करते.

एका दोषामुळे इतकी पळापळ का व्हावी? वेबपी हा चित्रप्रकार गुगलने २०१० मध्ये आणला. तो उलगडण्याचा आज्ञासंच मुक्त असल्यामुळे बहुतेक सर्व न्याहाळकांनी आणि इतर असंख्य आज्ञावलींनी तो जसाच्या तसा घेतला. दहा वाड्यांना एकाच विहिरीचे पाणी असावे आणि विहिरीतच काही पडावे, तसा हा प्रकार झाला.

चित्र लहान कसे होते?

दोष समजून घेण्यासाठी आधी चित्र आवळून लहान कसे करतात ते पाहू. फळ्यावर चार गुणिले चार असे १६ चौकोन आखा. हे आंबा घाटाचे चित्र आहे असे समजा. त्यातील ८ चौकोन हिरवे (झाडी), ४ निळे (आकाश), २ तपकिरी (माती) आणि २ लाल (एस.टी.) आहेत. संगणकाला फक्त ० आणि १ समजतात. चार रंगांना ००, ०१, १०, ११ असे प्रत्येकी दोन अंक दिले तर सोळा चौकोनांसाठी ३२ अंक लागतील.

आता थोडी युक्ती करू. जो रंग वारंवार येतो त्याला आखूड संकेत देऊ आणि क्वचित येणाऱ्याला लांब :

हिरवा – ०
निळा – १०
तपकिरी – ११०
लाल – १११

आता एकूण अंक ८×१ + ४×२ + २×३ + २×३ = २८ झाले. चार अंक वाचले. चित्र मोठे असेल तर हीच बचत भरघोस होते. यात आणखी एक गंमत आहे. संकेत सलग लिहिले, मध्ये स्वल्पविराम दिला नाही, तरी ते चुकत नाहीत. ०१०१११०११० हे वाचून पाहा. हिरवा, निळा, लाल, हिरवा, तपकिरी असाच त्याचा अर्थ लागतो, दुसरा लागूच शकत नाही. कारण कोणताही संकेत दुसऱ्या संकेताच्या सुरुवातीला येत नाही.

अशा संकेतांची सर्वांत काटकसरी रीत अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत शिकणाऱ्या डेव्हिड हफमन या विद्यार्थ्याने शोधली. प्राध्यापक रॉबर्ट फानो यांनी वर्गाला परीक्षा किंवा निबंध यांपैकी काहीही निवडण्याची मुभा दिली होती. हफमनने निबंध निवडला आणि ज्या प्रश्नाचे पूर्ण उत्तर खुद्द फानोंनाही मिळाले नव्हते तो सोडवला. १९५२ मध्ये ही रीत प्रसिद्ध झाली. ती सोपी आहे. सर्वांत कमी वेळा येणारे दोन रंग एकत्र करायचे, त्यांची बेरीज नवा रंग मानायची आणि पुन्हा तेच करायचे. आपल्या चित्रात २ आणि २ मिळून ४, मग ४ आणि ४ मिळून ८, शेवटी ८ आणि ८ मिळून १६. या जोड्यांचे झाड काढले की फांद्यांवरून संकेत मिळतात.

बेरीज एक यायलाच हवी

आता या संकेतांची लांबी पाहू : १, २, ३, ३. प्रत्येक लांबीसाठी एक अपूर्णांक लिहू. एक अंकाच्या संकेताला १/२, दोन अंकांच्या संकेताला १/४, तीन अंकांच्या संकेताला १/८. बेरीज करा :

१/२ + १/४ + १/८ + १/८ = १

हा योगायोग नाही. पहिल्या अंकालाच वाट दोन भागांत विभागते, दुसऱ्या अंकाला चार भागांत, तिसऱ्याला आठ भागांत. प्रत्येक संकेत आपल्या वाट्याचा भाग अडवतो. सर्व भाग अडवले गेले, काही उरले नाही आणि काही दोनदा दिले गेले नाही, तर बेरीज बरोबर १ येते. बेरीज १ पेक्षा जास्त आली तर असे संकेत बनणेच अशक्य, कारण एकच जमीन दोघांच्या नावावर लागल्यासारखे ते होईल. बेरीज १ पेक्षा कमी आली तर काही जमीन बेवारस राहिली. उदाहरणार्थ लांब्या १, ३, ३ असतील तर बेरीज ३/४ येते आणि पाव भागाला मालक नाही. ही कसोटी लिऑन क्राफ्ट यांनी १९४९ मध्ये आपल्या प्रबंधात मांडली होती.

वेबपीच्या चित्रात जागा वाचवण्यासाठी प्रत्यक्ष संकेत पाठवत नाहीत, फक्त त्यांच्या लांब्या पाठवतात. त्यांवरून संकेत तयार करणे हे घेणाऱ्याचे काम. म्हणजे पाठवणारा खोट्या लांब्याही पाठवू शकतो. हा मुद्दा लक्षात ठेवा.

चूक नेमकी कोठे होती?

लांब्या मिळाल्यावर न्याहाळक एक कोष्टक तयार करतो. आपल्या उदाहरणात सर्वांत लांब संकेत तीन अंकांचा, म्हणून कोष्टकात ८ घरे. ००० ते ०११ ही चार घरे हिरव्याची, १०० आणि १०१ निळ्याची, ११० तपकिरीचे, १११ लालचे. पुढचे तीन अंक वाचायचे, ते घर पाहायचे, की रंग मिळाला.

वेबपीच्या ज्या प्रकारात चित्राचा कोणताही तपशील गमावला जात नाही, त्यात संकेत १५ अंकांपर्यंत लांब असू शकतात. तेव्हा सरळ कोष्टकाला ३२,७६८ घरे लागतील. ती टाळण्यासाठी कोष्टक दोन पायऱ्यांचे करतात. पहिल्या पायरीवर २५६ घरे, आणि आठपेक्षा जास्त अंकांच्या संकेतांसाठी गरजेप्रमाणे पोटकोष्टके. एका चित्राला अशी पाच कोष्टके लागतात : एक हिरव्या रंगाचे (त्यातच इतर काही खुणा असतात), तीन तांबड्या, निळ्या आणि पारदर्शकतेची, आणि पाचवे अंतराचे.

एकूण किती घरांची सोय करावी? आज्ञावली लिहिणाऱ्यांनी सर्व शक्यतांचा हिशेब आधीच करून ठेवला होता. सर्वांत साध्या प्रकारच्या चित्रात पहिल्या कोष्टकाला जास्तीत जास्त ६५४ घरे, पुढच्या तिघांना प्रत्येकी ६३० आणि शेवटच्याला ४१०. बेरीज २,९५४. प्रत्येक घराला स्मृतीत ४ बाइट, म्हणजे ११,८१६ बाइट जागा. तेवढीच राखून ठेवली जाई.

हिशेब अचूक होता. पण तो एका अटीवर आधारलेला होता : लांब्यांच्या अपूर्णांकांची बेरीज बरोबर १ असली पाहिजे. ती १ पेक्षा कमी असेल तर पोटकोष्टके वेडीवाकडी वाढू शकतात आणि एकूण घरे ठरलेल्या मर्यादेबाहेर जातात. बेरीज तपासली जात नव्हती असे नाही. तपासली जात होती, पण कोष्टक भरून झाल्यावर. हल्लेखोराने पहिली चार कोष्टके कायदेशीर कमाल मर्यादेपर्यंत भरायची आणि पाचव्याच्या लांब्या खोट्या द्यायच्या. आज्ञावली लिहीत जाणार, राखीव जागा संपणार, तरी लिहितच राहणार. मग बेरीज करून म्हणणार, “हे चित्र सदोष आहे.” तोवर नुकसान झालेले असे.

हजेरीपटाचे उदाहरण

वर्गात हे सांगायला हजेरीपटाचे उदाहरण सोयीचे पडेल. एकाच लांबलचक वहीत आठवीसाठी ४० ओळी सोडल्या आहेत आणि लगेच खाली नववीची पाने सुरू होतात, असे समजा. बाहेरून आलेली यादी जशीच्या तशी उतरवायची आणि शेवटी नावे मोजायची, अशी लिपिकाला सूचना आहे. यादीत ४३ नावे असतील तर शेवटच्या तीन ओळी नववीच्या पहिल्या तीन नोंदी खोडून त्यांच्या जागी बसतील. यादी पाठवणारा लबाड असेल तर तो त्या तीन ओळींत नावे लिहिणारच नाही. तो लिहील, “अमुक विद्यार्थ्याची फी माफ.” उद्या नववीचे शिक्षक तो मजकूर आपल्याच वहीतला म्हणून खरा मानतील.

संगणकाच्या स्मृतीत असेच घडते. राखीव जागेच्या शेजारी दुसऱ्या कामाच्या नोंदी असतात. पुढे कोणती आज्ञा पाळायची हेही त्यांत असू शकते. ओसंडून गेलेल्या माहितीने त्या नोंदी हव्या तशा बदलल्या की चित्र आज्ञा देऊ लागते. कॅलेंडरातला वाघ भिंतीवरून खाली उतरतो.

मात्र घाबरून जाण्याचे कारण नाही. आजचे न्याहाळक पाने उलगडण्याचे काम एका बंदिस्त खोलीत करतात. तिच्यातून उर्वरित संगणकात सहज जाता येत नाही, बहुधा दुसरे भगदाडही लागते. म्हणून असे हल्ले महागडे असतात आणि सुरुवातीला निवडक माणसांवरच होतात. पण दुरुस्ती जाहीर झाली की जुन्या आणि नव्या आज्ञावलीतला फरक पाहून चूक कोठे होती ते इतरांनाही कळते. दुरुस्ती न केलेला संगणक खरा उघडा पडतो तो तेव्हापासून.

दुरुस्ती : आज्ञावलीतील

आज्ञावलीतील दुरुस्ती हजेरीपटाच्या भाषेत एका वाक्यात सांगता येते : आधी मोजा, मग लिहा. नव्या आवृत्तीत प्रत्येक कोष्टकाला किती घरे लागतील याचा हिशेब काही न लिहिता केला जातो. लांब्या चुकीच्या असतील तर चित्र तेथेच नाकारले जाते. लांब्या योग्य असून जागा कमी पडत असेल तर वेगळी जागा घेतली जाते. आपण मुलांना सांगतो की भागाकार करण्यापूर्वी भाजक शून्य नाही ना ते पाहा. तीच ही शिस्त आहे.

दुरुस्ती : आपल्या संगणकावरील

दुसरी दुरुस्ती आपल्या हातात आहे आणि ती म्हणजे न्याहाळक अद्ययावत ठेवणे. क्रोममध्ये उजवीकडे वर तीन टिंबे असतात. त्यांवर टिचकी मारून ‘मदत’ आणि मग ‘गुगल क्रोमविषयी’ निवडावे. फायरफॉक्समध्ये तीन आडव्या रेषा, ‘मदत’, ‘फायरफॉक्सविषयी’. नवी आवृत्ती असेल तर ती आपोआप उतरू लागते. येथे एक गोष्ट हमखास राहून जाते. नवी आवृत्ती उतरली तरी न्याहाळक पूर्ण बंद करून पुन्हा उघडेपर्यंत जुनीच चालू राहते. संगणक कक्षात न्याहाळक दिवसेंदिवस उघडाच असेल तर दुरुस्ती दारात येऊन बसते, आत येत नाही. फोनवर न्याहाळक प्ले स्टोअरमधून अद्ययावत करावा आणि फोनची स्वतःची अद्यतनेही घ्यावीत.

आवृत्तीचा क्रमांक वाचतानाही थोडी दक्षता हवी. क्रोमची दुरुस्त आवृत्ती ११६.०.५८४५.१८७ होती. त्याआधीची एक आवृत्ती ११६.०.५८४५.९६. दशांश अपूर्णांक समजून तुलना केली तर .९६ हे .१८७ पेक्षा मोठे वाटते. पण येथील टिंब दशांशचिन्ह नव्हे, तो फक्त विभाजक आहे. प्रत्येक भाग पूर्णांक म्हणून वाचायचा. १८७ हे ९६ पेक्षा मोठे, म्हणून ती आवृत्ती नंतरची. अर्थात या दोषानंतर अनेक दोष सापडून दुरुस्त झाले आहेत, म्हणून एक क्रमांक गाठून थांबणे पुरेसे नाही.

तीन समजुतीही येथे तपासून पाहू. पत्त्याच्या पट्टीतील कुलूप दिसले म्हणजे पान निर्धोक, ही पहिली. कुलूप फक्त वाटेवर कोणी माहिती वाचत नाही याची हमी देते, आतील माल चांगला आहे याची नव्हे. आपण वाईट संकेतस्थळे उघडत नाही, ही दुसरी. पण चांगल्या पानावरही जाहिरातींची चित्रे तिसरीकडून येतात. विषाणूरोधक आज्ञावली आहे, ही तिसरी. ती उपयोगी खरी, पण न्याहाळकातील भगदाड ती बुजवू शकत नाही.

जुन्या संगणकांचे काय?

आपल्या भागातला खरा प्रश्न येथे आहे. खेड्यापाड्यांतील शाळांना संगणक मिळतात ते पुष्कळदा कोणीतरी वापरून झाल्यावर देणगी म्हणून दिलेले. त्यांवर विंडोज ७ असते. मायक्रोसॉफ्टने विंडोज ७ ची देखभाल १४ जानेवारी २०२० रोजी थांबवली. क्रोमची १०९ ही विंडोज ७ आणि ८ वर चालणारी शेवटची आवृत्ती. फेब्रुवारी २०२३ मध्ये आलेल्या ११० पासून पुढच्या आवृत्त्या तेथे बसतच नाहीत. फायरफॉक्सने आपल्या ११५ या आवृत्तीची देखभाल अशा संगणकांसाठी पुढेही चालू ठेवली आणि वेबपीची दुरुस्ती तिच्यात ११५.२.१ या क्रमांकाने आली. पण अशी सवलत मुदतीचीच असते. विंडोज १० चीही नियमित देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली आहे.

मग हे संगणक भंगारात काढायचे का? आम्हाला तसे वाटत नाही. कोल्हापुरातून मलकापुरापर्यंत नवा संगणक यायला किती अर्ज लागतात हे आपण जाणतो. तीन गोष्टी करता येतील. पहिली, यंत्र बऱ्यापैकी असेल तर त्यावर लिनक्सची एखादी हलकी आणि देखभाल चालू असलेली प्रणाली बसवावी. ती विनामूल्य मिळते आणि तिच्यासोबत ताजा फायरफॉक्स येतो. दुसरी, ते जमत नसेल तर त्या यंत्राची महाजालाची जोडणी काढून टाकावी. टंकलेखन, चित्रकला, गणिताचे खेळ, आज्ञावली लिहिण्याचा सराव यांसाठी जोडणी लागत नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. शालार्थ, सरल, यू-डायस प्लस यांची कामे, बँकेचे व्यवहार आणि शाळेचा ई-मेल यांसाठी एक संगणक वेगळा ठेवावा. तो अद्ययावत असावा आणि त्यावर इतर काही उघडू नये. या कामांत शिक्षकांचे पगार आहेत, पण त्याहून नाजूक गोष्ट म्हणजे मुलांची नावे, जन्मतारखा, पत्ते, आधार क्रमांक. पालकांनी विश्वासाने दिलेली ही माहिती आहे. एखाद्या जुन्या न्याहाळकात जपून ठेवलेला एक परवलीचा शब्द गेला तर ती सर्व उघडी पडू शकते, आणि मुलाची जन्मतारीख परवलीच्या शब्दासारखी बदलता येत नाही.

वर्गात करून पाहा

१. आपल्या शाळेच्या नावातील अक्षरे मोजा आणि हफमनच्या रीतीने त्यांना संकेत द्या. अपूर्णांकांची बेरीज १ येते का ते तपासा.

२. २, २, २, ३, ३ या लांब्या बरोबर आहेत का? १, २, २, ३ या लांब्यांचे संकेत बनतील का? कारण सांगा. (पहिली बेरीज १ आहे. दुसरी ९/८ आहे, म्हणून संकेत बनणार नाहीत.)

३. संगणक कक्षातील प्रत्येक यंत्रासाठी एका वहीत चार रकाने करा : यंत्राचा क्रमांक, प्रणाली, न्याहाळकाची आवृत्ती, तपासल्याची तारीख. महिन्यातून एकदा ही वही दोन विद्यार्थ्यांनी भरावी. पुढच्या महिन्यात आवृत्तीचा आकडा बदलला नसेल तर न्याहाळक बंद करून उघडला होता का, हे आधी विचारावे.